उभ्या झेंडूतली वाट

कोंडाजी आयुष्यात कधी हसलाच नाही, असं मी म्हणणार नाही. पण मी निंबाळ्यात नर्स होते तेवढ्या वर्षांत तो माझ्यासमोर कधी हसला नाही आणि रडलाही नाही. सकाळी यायचा, उपकेंद्राचं कुलूप काढायचा, बाळंतपणाची खोली झाडायचा, लोखंडी खाट ओल्या फडक्याने पुसायचा, खिडकी उघडायचा आणि मळ्यात निघून जायचा. त्या खाटेवर आदल्या दिवशी कुणी झोपलेलं नसायचं. त्याच्या आदल्या दिवशीही नसायचं. तरी पुसायचा.

त्याला या कामावर कुणी नेमलं नव्हतं. जागा त्याने दिली म्हणून किल्ली त्याच्याकडे राहिली, एवढंच. मला सुरुवातीला त्याचा राग यायचा. मीही माणूसच होते. रोज सकाळी कुणीतरी येऊन न वापरलेली खाट पुसून जातो, हे बघून आपल्या नोकरीच्या उशाशी कुणी मेलेल्या माणसापाशी लावतात तसा दिवा लावून ठेवल्यासारखं वाटायचं.

मी नाशिकरोडच्या वसाहतीतली, बौद्धाची मुलगी. नर्सिंगचा कोर्स केला आणि एक्क्याऐंशी साली दिंडोरी तालुक्यात नेमणूक मिळाली. कामावर रुजू होण्याआधी नाशिकला आमचं शिबिर झालं. तिथे एका साहेबांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आरोग्यसेवा लोकांच्या दारात, लोकांच्या सहभागाने, लोकांना परवडेल आणि पटेल अशी. दोन हजार सालापर्यंत सर्वांना आरोग्य मिळणार होतं. आम्ही सगळ्या पोरींनी ते मन लावून उतरवून घेतलं. मला तर ते पाठच होतं. निंबाळ्यात उतरले तेव्हा मला वाटलं होतं की इथलं मी दोन वर्षांत सरळ करून टाकीन. अंगात रग होती, दुसरं काय.

उपकेंद्राची इमारत नवी कोरी होती. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, पुढे ओटा, डांबरी सडकेला अगदी लागून. गाडी थेट दारात येईल अशी. पहिल्या दिवशी मी खूष झाले. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली आणि समोर गावाचं स्मशान दिसलं.

गावातून उपकेंद्राकडे यायचा रस्ता त्या स्मशानाला खेटूनच जात होता. पुरुष तिथून बैल घेऊन जात, पोरं शाळेतून येताना तिथे बोरं पाडत, बाया सरपण घेऊन येत. कुणाचं काही अडत नव्हतं. पण दोन जिवांची बाई तिथून जात नसे. ओली बाळंतीण जात नसे आणि अंगावरचं मूल घेऊन कुणी आई जात नसे. म्हणजे ज्यांच्यासाठी ती इमारत बांधली होती, नेमक्या त्याच सोडून बाकी सगळे आरामात येऊ शकत होते. पुरुष यायचे, खोकल्याच्या गोळ्या घेऊन जायचे.

मी सरपंच गोटीरामांना विचारलं, "जागा ठरवताना कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"ठराव एकमताने झाला ना बाई. सगळं गाव हजर व्हतं चावडीवर."

"बाया होत्या?"

"बायांचं काय काम तिथं?" ते खरोखरच गोंधळून म्हणाले.

मला हसावं की डोकं आपटून घ्यावं, कळेना. लोकांचा सहभाग म्हणजे चावडीवर बसलेले पुरुष आणि वर चहा. त्यातला एकही माणूस कधी गरोदर राहिलेला नव्हता, त्यामुळे स्मशानाचा विचार कुणाच्या मनातही आला नाही. फुकट जागा मिळाली, सडकेला लागून मिळाली, झालं.

मग मी जे करता येतं ते केलं. पिशवी खांद्याला लावून घरोघर हिंडले. अंधाऱ्या खोलीत, चुलीच्या धुरात, शेणाच्या ओल्या जमिनीवर बाळंतपणं केली. माझ्या हातचं औषध गावाला चालायचं. माझ्या हातचा चहा म्हटला की मात्र एकेकीच्या पोटात गुबारा धरायचा. कोंडाजी तेवढा न बोलता प्यायचा. कप विसळून पालथा घालायचा आणि जायचा.

एकदा मी खिडकीला जुन्या साडीचा पडदा लावला. समोर सरण दिसलं नाही तर एखादी तरी येईल, असा माझा भाबडा हिशोब. दुसऱ्या दिवशी पडदा घडी करून टेबलावर ठेवलेला.

"कोंडाजीबाबा, पडदा का काढला?"

"भ्यायचं कशाला? जळणारा काय उठून येत नाय."

"मी नाही भीत. बाया भितात."

"त्याच भ्यानं माणसं मरत्यात," तो म्हणाला आणि फडकं पिळून वाळत घातलं.

त्याचा अर्थ मला नंतर गोजराबाईंकडून कळला. गोजराबाई म्हणजे कोंडाजीची थोरली बहीण. विधवा होऊन माहेरी आलेली आणि तोंडाने तिखट. त्यांनी सांगितलं की कोंडाजीची बायको रंगूबाई दुसऱ्या खेपेला अडली होती. मूल आडवं होतं. सुईणीने हात टेकले, तेव्हा गाडी जुंपली आणि तिला नाशिकला सिव्हिलमध्ये न्यायचं ठरलं. पण सडकेला लागायचं तर वाट स्मशानापुढून. अडलेल्या बाईला तिथून कोण नेणार? मग गाडी ओढ्यातून फिरवून घातली. ओढ्याच्या गाळात चाक रुतलं. माणसं जमवून ते काढेपर्यंत दुपार कलली. म्हसरूळ ओलांडून पंचवटी दिसायला लागली आणि रंगूबाई गेली. पोट तसंच घेऊन गेली. मागे पाच वर्षांची चांगुणा राहिली.

"तवापून तो असा हाय," गोजराबाई म्हणाल्या. "दुसरी केली नाय, रडला नाय, काय नाय. दगूड झाला. मंग दवाखान्याला जागा पायजे म्हणून साहेब आले, तर ह्योच उठून उभा राहिला. म्हणे, स्मशानाशेजारचा माझ्या मळ्याचा तुकडा घ्या. ज्या वाटंला भिऊन आपुन वळलो, त्याच वाटंनं आता बाया येतील."

म्हणजे ती जागा गावाची चूक होती, पण कोंडाजीची चूक नव्हती. त्याने मुद्दाम दिली होती. हट्टाने. हे ऐकल्यापासून मी त्याच्यावर खेकसणं बंद केलं. सकाळी तो खाट पुसायला लागला की मी बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. बायको गेल्यावर माणसं देऊळ बांधतात, पाणपोई घालतात. याने ही खोली उभी केली होती, आणि तिच्यात एकही बाई येत नव्हती. त्याची मला फार कीव यायची. पण त्याच्याकडे बघितलं की वाटायचं, कीव करायला आत कुणी आहे तरी का?

उपाय खरं तर समोरच होता, आणि तो दिसायला मला फार दिवस लागले, याचं मला अजून नवल वाटतं. उपकेंद्र कोंडाजीच्याच मळ्याच्या कोपऱ्यात होतं. मळ्याचं एक टोक सडकेला आणि दुसरं टोक गावाच्या मागच्या अंगाला, त्याच्या स्वतःच्या घरापाशी. मळ्यातून सरळ चालत आलं तर स्मशान बाजूलाच राहत होतं, त्याच्या वाऱ्यालाही उभं राहावं लागत नव्हतं. फक्त एक पायवाट हवी होती. पण तिथे पाय ठेवायला जागा नसायची. फुलमळा होता. शेवंती निघाली की गुलछडी, ती निघाली की झेंडू. पार उपकेंद्राच्या मागच्या भिंतीला टेकेपर्यंत लावलेला.

मी म्हटलं, "बाबा, मळ्यातून एक वाट द्या. गाडीवाट नको, बाईमाणसाला चालता येईल एवढी. उद्यापासून बाया येतील."

तो खुरपत होता. मान वर न करता म्हणाला, "पीक हाय उभं."

"मग हे निघाल्यावर द्या."

"निघालं की दुसरं असतंय."

मला संताप आला. इमारतीला जागा देतो आणि चालायला वाट देत नाही, हा कुठला दानशूर! मी घरी येऊन भांडी आपटली. पंचवटीच्या बाजारात पाट्या जातात, फुलांना भाव येतो, म्हणून चार ताटवे सुटत नाहीत याच्याकडून, असं मी गोजराबाईंना ऐकवलंही. त्या नेहमी तोंडाला तोंड देणाऱ्या बाई, पण त्या दिवशी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्यो इषय काढू नका त्याच्याफुडं."

चौऱ्याऐंशी साली उन्हाळ्यात तालुक्याचे डॉक्टरसाहेब जीप घेऊन आले. रिकामी खाट बघितली, खिडकीतून बाहेर बघितलं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वर उत्तर द्यायचं होतं. ओट्यावर उभं राहून त्याने सरपंचांना स्वच्छ सांगितलं की ही खोली बाळंतपणासाठी बांधली आहे. येत्या मार्चपर्यंत इथे एकही बाळंतपण झालं नाही, तर उपकेंद्र शेजारच्या गावाला जाईल आणि इमारत सोसायटी खताच्या पोत्यांना वापरेल. कोंडाजी भिंतीला टेकून ऐकत होता. जीप गेल्यावर तो आत गेला, खाट पुसली आणि बाहेर येऊन म्हणाला, "चांगुणाचं हितंच व्हईल."

चांगुणाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. भाद्रपदात ती सासरहून आली. गोरी, हसरी, घाबरट पोर. बापाला ती आबा म्हणायची आणि बापापेक्षा आत्याला जास्त बिलगायची. कोंडाजीने घरात सांगून टाकलं की चांगुणा स्मशानावरूनच उपकेंद्रात जाईल, सगळ्या गावादेखत जाईल. गोजराबाई म्हणाल्या, "माझ्या मढ्यावरून ने." एका घरात दोघं बहीणभाऊ, चूल एक, आणि महिनाभर दोघांमध्ये शब्द नाही. मधल्या मधे ती पोर सुकून गेली. मी जाऊन तपासायचे, तेव्हा माझा हात धरून विचारायची, "बाई, तुम्हीच घरी या ना करायला. नाय का जमणार?"

मी घरीच केलं असतं. खोली राहते की जाते याच्याशी मला काय करायचं होतं, असं मी स्वतःला बजावत होते. पण शेवटच्या दिवसांत तिच्या पायांवर सूज आली, रक्तदाब चढायला लागला. मग मीच म्हटलं की घरी नको. केंद्रात सलाईन आहे, उजेड आहे, सडक दारात आहे. बिघडलं तर जीप बोलावून तासाभरात सिव्हिल गाठता येईल. त्यांच्या गल्लीत तर सायकलसुद्धा ढकलत न्यावी लागायची. कोंडाजीने ऐकून नुसती मान हलवली. त्याला हवं तेच मी बोलले होते. गोजराबाईंनी माझ्याकडे पाठ फिरवली.

घटस्थापना होऊन गेली होती. कोंडाजीच्या मळ्यात दसऱ्याचा झेंडू भरला होता. सकाळी चांगुणाला कळा सुरू झाल्या आणि नेमकं त्याच सकाळी गावातलं एक म्हातारं माणूस वारलं. मी निरोपावरून धावत गेले, तोवर स्मशानात सरण पेटलं होतं. चांगुणाचा रक्तदाब घेतला, तो आणखी चढला होता. म्हटलं, आता लगेच हलवा. चालवत नको, गाडीतून.

कोंडाजीने गाडी जुंपली. चांगुणाला गोधड्यांवर निजवलं. त्याने बैलांचं तोंड स्मशानाच्या रस्त्याकडे वळवलं, तशा गोजराबाई आडव्या आल्या आणि त्यांनी बैलाचा कासराच धरला.

"पेटल्या सरणाफुडून? कोंडा, पोरीचं पोट हाय रे! ल्हान लेकरू हाय त्यात!"

"सोड."

"नाय सोडायची. मला तुडवून जा."

बाया जमल्या, पुरुषही आले. कुणी त्याच्या बाजूने बोलेना. एकजण म्हणाला, "वढ्यातनं घाला की. पानी गुडघ्याएवढंच हाय." दुसऱ्याने हो म्हटलं. दोघेचौघे गाडीला हात लावायला ओढ्याकडे निघालेसुद्धा. मी ओरडत होते की वेळ नाही, कुठूनही न्या पण न्या. कोंडाजी जू धरून उभा होता. ना पुढे, ना मागे.

तेवढ्यात एक कळ ओसरली आणि चांगुणा कोपरावर उठली. तिला तिथून सगळा मळा दिसत होता, आणि त्याच्या पलीकडे उपकेंद्राचा पत्रा.

"आबा," ती म्हणाली, "मळ्यातनं घाला ना. लवकर पोचू."

कोंडाजीने तिच्याकडे बघितलं. मी त्याचा चेहरा इतक्या वर्षांत असा कधी पाहिला नव्हता. राग नाही, भीती नाही. लांबून कुणी नावाने हाक मारली आणि ती खरीच ऐकू आली की भास, ते माणूस थांबून ठरवतो, तसा तो थांबला. मग त्याने बैलांची तोंडं झेंडूकडे फिरवली.

बैल बांधापाशी येऊन उभे राहिले. जात नव्हते. जन्मभर उभ्या पिकात पाय टाकला म्हणून त्यांनी त्याच्याच हातचे फटके खाल्ले होते. ते बिचारे कसे जाणार? त्याने चाबूक टाकून दिला. पुढे गेला, दोन्ही बैलांच्या वेसणी हातात घेतल्या आणि उलटा चालत, "चला, चला, काय नाय," असं पुटपुटत त्यांना ओढून आत नेलं. चाकाखाली झेंडू चिरडत होता. त्याचा उग्र वास सुटला होता. मागून आम्ही बाया चाललो होतो, कमरेएवढ्या फुलांतून. स्मशानाचा धूर उजव्या हाताला लांब राहिला. गाडी उपकेंद्राच्या मागच्या दाराशी येऊन थांबली. ते दार मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं.

दुपारी चांगुणाला मुलगी झाली. नाळ गळ्याभोवती होती, ती सोडवली. चांगुणाला एक झटका येतोय की काय असं मधे वाटलं, पण आला नाही. मूल रडलं, तेव्हा गोजराबाई खाटेच्या कठड्याला धरून खाली बसल्या आणि ढसाढसा रडल्या. मग मी दिलेला चहा प्याल्या, कपबशीसकट कौतुक केलं. बाहेर सरपंच आले, बाया आल्या. सगळ्या मळ्यातून आल्या. त्यांना नवी वाट दाखवावी लागली नाही. मला इतका आनंद झाला होता की मीच उठून सगळ्यांना गूळ वाटला. खोली राहिली होती. कोंडाजीची खोली राहिली होती!

आणि कोंडाजी आत आलाच नाही.

दिवस मावळायला मी हात धुऊन मागच्या दाराने बाहेर गेले. तो मोडलेल्या झेंडूच्या कडेला उकिडवा बसला होता. गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेला चिकटलेल्या पाकळ्या एकेक करून नखाने काढत होता.

"बाबा, नात बघायला या. रंगूबाईंसारखी आहे म्हणतात आत्या." मी त्याला चिडवायला म्हटलं, "फुलांचं दुःख करताय की काय? दसऱ्याला पुष्कळ उरलीत अजून."

त्याने हातातली पाकळी जमिनीवर ठेवली.

"तवाबी झेंडूच व्हता हितं," तो म्हणाला.

मला कळलं नाही. मी उभी राहिले.

"रंगूला घेऊन निघालो तवा. असाच भरला व्हता. ती गाडीतनं बोलली, मळ्यातनं घाला, लवकर पोचू. म्या म्हनलं, दसरा तोंडावर हाय, फुलं मरतील. आन् गाडी वढ्यात घातली." तो थांबला. "गावाला वाटलं, स्मशानाच्या भ्यानं वळलो. म्याबी तेच सांगितलं. सांगून सांगून मलाबी तसंच वाटाया लागलं व्हतं."

आत गोजराबाई मोठमोठ्याने बोलत होत्या. बाया हसत होत्या. मी काहीतरी बोलायला हवं होतं. शिबिरात फळ्यावर लिहिलेलं सगळं मला पाठ होतं आणि त्यातलं एकही अक्षर मला तिथे उपयोगी पडलं नाही.

"बाई," तो म्हणाला, "आज मळ्यातनं याया किती येळ लागला?"

मी मळ्याकडे बघितलं. पलीकडच्या टोकाला त्याचं घर दिसत होतं, दारातली चूलसुद्धा दिसत होती. खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही.

"विडी ओढून होईल एवढा."

त्याने मान हलवली. "तेवढाच लागला असता," म्हणाला आणि पुन्हा चाकाच्या पाकळ्या काढायला लागला.

आत बाळ रडायला लागलं. मी आत गेले. तिथे उभं राहवेना, म्हणून गेले.